समुद्र तांबडा, तरी रिपोर्टात लोह नगण्य? आधी फॉर्म बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. पाऊस झाला की खाणीखालचं समुद्राचं पाणी तांबडं, आणि लॅब म्हणते लोह नगण्य. सेम माझं. पण लगेच लॅबवर घसरू नका, मी घसरलो आणि तोंडावर पडलो.

मी केमिस्ट नाही, ठेचा खाऊन शिकलोय, तेव्हा जाणकाराला विचारून घ्या. बाटल्या, बर्फ वगैरे माहितीच असेल.

माझी घोडचूक नमुन्यासोबत लॅबला द्यायच्या फॉर्मवरची. नुसतं 'लोह' लिहिलं. लॅबने ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने पाणी गाळलं आणि विरघळलेलं लोह मोजलं. आता समुद्राचा पीएच साधारण ८.१, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, तिथे लोह विरघळून राहतंय कुठलं, ते गंजासारखं बारीक कणांत असतं. म्हणजे जे दाखवायचं होतं तेच फिल्टरवर अडकून कचऱ्यात गेलं! आणि तो कागद मी स्वतःच्या हाताने एका ऑफिसात जमा केला (नाव नको), त्यांनी 'पाणी ठीक' म्हणून फाईल बंद केली, पुढे दोन वर्षं काहीही बोललो की "रिपोर्ट तुमचाच आहे ना?" परत नमुना घ्या म्हटलं तर माणूस नाही, आणि आला तो भर भरतीला, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असताना. डोकं फिरतं अजून.

तर फॉर्मवर 'एकूण लोह, न गाळता' असं स्पष्ट लिहा. विरघळलेलंही हवं असेल तर वेगळी बाटली, आणि ती गाळायच्या आधी ॲसिड अजिबात नको, नाहीतर कणांतलं लोह सुटून आकडा फुगतो आणि समोरचे तेच धरून बसतात.

खरं सांगू का, माझ्या मते लोहापेक्षा तरंगणारा गाळ पकडा. उजेड अडवतो तो, तळावर बसून शिंपल्या गुदमरवतो तो. फक्त गाळ ज्या फिल्टरवर अडकवून वजन करतात तो डिस्टिल्ड वॉटरने धुतात का ते लॅबला विचारा, नाहीतर मीठच गाळ म्हणून मोजलं जातं आणि तुलनेसाठी घेतलेल्या स्वच्छ जागेचा आकडासुद्धा वाढतो. ती स्वच्छ जागा पण घ्याच, खाणीपासून लांबची, त्याच दिवशी, त्याच ओहोटीला.

एकूण लोहासाठीची ॲसिड घातलेली बाटली लॅबकडूनच मागवा, घरी प्रयोग नकोत. आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा, माझ्याकडे तोही नव्हता.