परतीच्या वाऱ्याला पुरेल अशी सायकल

प्रश्न : भाऊ, मी पिंप्राळ्याला राहते. जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात हिशोबाच्या कामाला लागले आहे. जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर पडतात. दुकानदार शॉकअपवाली, जाड टायरची गिअरची सायकल घ्या म्हणतो. वडील म्हणतात, साधी लेडीज सायकल बस झाली. अंगावर पंजाबी ड्रेस, सोबत डबा. कोणती घेऊ?

उत्तर : ताई, तुमची सकाळ सोपी आहे. तुम्ही उगवतीकडे जाता, आषाढात पश्चिमेचा वारा पाठीला असतो. सायकल निवडायची ती संध्याकाळच्या परतीसाठी. तोच वारा तेव्हा तोंडावर येतो आणि दिवसभराचं काम अंगात भिनलेलं असतं.

मी भुसावळला बावीस वर्षं सायकलने ड्युटी केली. त्यातली तीन अशाच शॉकअपच्या सायकलवर. खड्ड्यात हाताला बरं वाटतं, हे खरं. पण स्वस्तातला शॉकअप वजन वाढवतो, आणि उभं राहून पायडल मारलं की निम्मा जोर स्प्रिंगमध्येच जिरल्यासारखा वाटतो. गुट्ट्यांचे टायर डांबरावर घुं-घुं करत ओढ धरतात. ते डोंगरातल्या पायवाटेचे, तुमच्या रस्त्याचे नाहीत.

वडिलांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. मधला दांडा खाली असलेलीच फ्रेम घ्या. चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच, ओढणीचा भरवसा नाही. फक्त एकाच गिअरवर वारा कापणं रोज जमत नाही. म्हणून शॉकअप नसलेली हायब्रीड, म्हणजे रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली, बघा; ७०० बाय ३८ चे, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मागे सात गिअर. पुढे पायडलजवळ तीन दातेरी चकत्या असलेली घेऊ नका, तुमच्या वाटेवर तेवढा चढ नाही. बजेट बसत नसेल तर साधी लेडीज घ्या आणि मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, १८ दात्यांचं असेल तर २० चं बसवून घ्या. वेग थोडा जातो, पण गुडघे वाचतात.

मडगार्ड मात्र नीट बघा. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर तरी फट पाहिजे. एका जुलैत हायवेवरच्या ट्रकांना टाळून मी शेतरस्त्याने निघालो. दोनशे पावलांत काळ्या मातीने मागचं चाक असं धरलं की सायकल ढकलताही येईना. बाभळीच्या काडीने माती कोरत बसलो, चार पावलं चाललो, पुन्हा कोरत बसलो. घरी पोचायला रात्र झाली. पावसाळ्यात वाट लांब पडली तरी डांबर सोडू नका.

पाऊस सरला की सराटे. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा, काटा रुतलेला असेल तिथे ते अडकतं. तो काढल्याशिवाय ट्यूब घातली तर चौकापर्यंतसुद्धा जाणार नाही. उन्हाळ्यात सायकल शेडखालीच लावा. मे महिन्यात उन्हात उभ्या सायकलची जुनी ठिगळं सुटलेली मी कितीदा पाहिली आहेत.

आणि सीट दुकानातच लावून घ्या. पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग भरलेला डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या कॅरिअरला बांधून वारा तोंडावर घेत एक चक्कर मारा, पैसे त्यानंतर द्या.