अपिलात स्टे पाहिजे, पण भरायचा पैसा कुठून आणायचा?

भाऊ, तुमचा मेसेज नीट वाचला. वरूडकडे संत्र्याचा बगीचा, कृषी केंद्राची खत-औषधाची उधारी थकली, त्यानं दावा लावला आणि 4 लाख 80 हजार अधिक वर्षाला 6 टक्के व्याज द्या असा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, झाला. तुम्ही म्हणता दीड लाख रोख दिले होते ते कोर्टानं धरलेच नाहीत, म्हणून जिल्हा कोर्टात अपील, आणि आता कोर्ट म्हणतं 2 लाख 40 हजार चार आठवड्यांत भरा मग स्टे, म्हणजे वसुलीला स्थगिती. वहिनींची एफडी मोडू की सावकाराकडून तीन रुपये शेकड्यानं उचलू, हा सवाल.

सावकार नको. अजिबात नको. 2 लाख 40 हजारावर तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला 7,200, वर्षाला 86,400, आणि ज्या हुकूमनाम्याला तुम्ही घाबरून राहिले त्याचं अख्ख्या रकमेवरचं व्याज वर्षाला 28,800. वरून तो एक एकराची खरेदी करून मागतो म्हणता, तारण म्हणून. भाऊ, खरेदी म्हणजे खरेदी, उद्या सात-बारावर त्याचं नाव चढलं की परत आणायला किती वर्षं जातील सांगता येत नाही. त्याच्याकडे परवाना नसंल तर तो धंदाच बेकायदेशीर आहे, 2014 चा सावकारी कायदा आहे त्यावर, तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे होते.

आता स्टेचं. नुसतं अपील टाकलं म्हणून वसुली थांबत नाही, पैशाच्या हुकूमनाम्यात सहसा रक्कम भरा किंवा जामीन द्या तरच स्टे, तोवर समोरच्याची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, चालू राहते आणि जमिनीवर जप्ती येऊ शकते. (शेतकऱ्याचं राहतं घर, औतफाटा, पोटापाण्याला लागणारी बैलजोडी, बियाणं, हे जप्तीतून सुटतं, तेवढी तरी झोप लागू द्या.) पण स्टे म्हणजे माफी नाही, अपील हरलं तर मधल्या काळाचंही व्याज बसते.

म्हणून माझं मत एफडीचं आहे, पण आधी वहिनींना विचारा, पैसा त्यांचा आहे आणि नाही म्हणायचा हक्कही त्यांचा. त्या हो म्हणाल्या तर एक गोष्ट वकीलसाहेबांशी बोला, जी बहुतेक लोक करत नाहीत. दीड लाख सोडले तर 3 लाख 30 हजार देणं तुम्हाला स्वतःलाच कबूल आहे ना, मग कोर्टात भरलेले 2 लाख 40 हजार समोरच्यानं उचलायचा अर्ज केला तर आडवे काहून पडायचं? स्टेसाठी कोर्टात ठेवलेली रक्कम म्हणजे दुकानदाराला फेडली असं धरत नाहीत, ती तिथं पडून राहिली तरी हुकूमनाम्याचं व्याज चालूच राहू शकते. त्यानं उचलली तर तेवढ्याचं तरी थांबलं आणि उरलेल्यावर महिन्याला 1,200 च राहते. अपिलातले आमचे मुद्दे राखून, असं लेखी मात्र लिहून घ्या. उचलू द्यायची नसेल तर निदान ती रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत ठेवायचा आदेश मागा. उरलेले कबुलीचे 90 हजार मृग बहाराची संत्री विकली की भरा.

दीड लाखाचा पुरावा काय आहे तुमच्याकडे? दुकानदाराच्या वहीतली नोंद, बँकेतून त्याच सुमाराला पैसे काढल्याचा उतारा, काही? असंल तर अपील लढा. तुमच्या शब्दाशिवाय काहीच नसंल तर लोकअदालतीत बसा, तिथं थोडं कमी करून मिटू शकते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही हे लक्षात ठेवून सही करा. आणि मिटलं तर पैसे चार लोकांसमोर हातात देऊन घरी येऊ नका, कोर्टात वसूल झाल्याची नोंद करून घ्या, नोंद नसली तर दरखास्तीचं कोर्ट तो भरणा मानत नाही, मग परत तेच दीड लाखासारखं होईल.