‘नटोरियस’ सर आणि साडेतीन हजार शब्द

प्रश्न : परदेशात एमएस करायचं आहे, म्हणून जीआरई या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. साडेतीन हजार शब्दांच्या यादीतले रोज चाळीस पाठ करते, पण महिन्यापूर्वीचे निम्मेही आठवत नाहीत. माझी स्मरणशक्ती कच्ची आहे का? शब्दांची लॅटिन मुळं शिकून फायदा होईल का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : स्मरणशक्तीला बोल लावू नकोस. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग मांडले. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग हा वेग मंदावतो. तू रोज चाळीस नवे घेतेस. जुने कधी उघडतेस, हे पत्रात कुठेच नाही. नवे पंधरावर आण. जुने दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा काढ. एका बाजूला शब्द आणि मागे अर्थ लिहिलेलं कार्ड उलटण्याआधी अर्थ तोंडाने सांगायचा. नुसती नजर फिरवून ‘हो, येतं की’ म्हणणं ही उजळणी नव्हे.

मला काळजी वाटली ती तू नमुन्यादाखल पाठवलेल्या वाक्याची : ‘माय टीचर इज नटोरियस फॉर हिज नॉलेज.’ कार्डावर ‘नटोरियस = प्रसिद्ध’ एवढंच असणार. अगं, सरांना तू चक्क कुप्रसिद्ध करून टाकलंस! ‘फ्रूगल’ आणि ‘स्टिंजी’चंही तेच. दोन्हींपुढे ‘कंजूष’ लिहिलं की संपलं. पण पहिला काटकसरी, त्यात कौतुक आहे, आणि दुसरा चिक्कू.

परीक्षा नेमकी इथेच पकडते. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे सुटे प्रश्न जीआरईतून 2011 मध्येच गेले. आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते. एका प्रकारात तर सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडायचे. वाक्य ‘ऑल्दो ही वॉज रिच’ असं सुरू झालं, तर पुढे श्रीमंतीला छेद देणारं काहीतरी येणार, हे पर्याय बघण्याआधीच कळायला हवं.

मुळं जरूर शीक. लॅटिन ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं. त्यावरून ‘एलोक्वंट’ म्हणजे प्रभावी बोलणारा, ‘लोक्वेशस’ म्हणजे बडबड्या, ‘कलोक्विअल’ म्हणजे बोलीतला. पण ‘व्हीनल’ म्हणजे लाचखाऊ आणि ‘व्हीनिअल’ म्हणजे क्षम्य. दिसायला सख्खी भावंडं, मुळं मात्र वेगळी. अंदाज बांधलास तरी शब्दकोश उघडच.

यादी फेकून देऊ नकोस. प्रत्येक कार्डावर अर्थाखाली स्वतःचं एक वाक्य लिही. सुरुवात ‘नटोरियस’पासून कर, आणि या वेळी सरांना त्यातून वगळ.