फारसे प्रसिद्ध नसलेले, पण आवर्जून पाहावेत असे चित्रपट कोणते?

गाजलेल्या नावांच्या याद्या सगळीकडे मिळतात, म्हणून माझ्या आवडीचा एकच प्रकार सांगतो: एका जागेत घडणारे, कमी पैशांत बनलेले चित्रपट.

पहिला 'द मॅन फ्रॉम अर्थ' (2007). नोकरी सोडून निघालेला प्राध्यापक निरोप द्यायला आलेल्या सहकाऱ्यांना सांगतो की, मी 14,000 वर्षं जगतोय. बस्स! पुढे जवळजवळ सगळा चित्रपट म्हणजे दिवाणखान्यातल्या गप्पा. कोणी इतिहासातून पेचात पकडू बघतं, कोणी जीवशास्त्रातून, धर्माचा विषय निघाल्यावर तर वातावरण चांगलंच तापतं. जेरोम बिक्सबी यांनी ही पटकथा 1998 मध्ये मृत्युशय्येवर पूर्ण केली. अभिनय काही ठिकाणी कच्चा आहे, छायाचित्रणही साधंच. तरी मी तीनदा पाहिलाय.

'कोहेरन्स' (2013) मध्ये धूमकेतू जवळून जात असताना आठ मित्रमंडळी जेवायला जमतात आणि भलतंच घडू लागतं. नटांना पूर्ण पटकथा दिलीच नव्हती, रोज फक्त टिपणं मिळायची. त्यामुळे चेहऱ्यावरचा गोंधळ बराचसा खरा आहे. कथानक आधी वाचू नका.

'द गिल्टी' (2018) डॅनिश आहे. आपत्कालीन कॉल घेणारा पोलीस, कानाला हेडफोन, बाकी सगळं आपण ऐकून कल्पायचं. 2021 चा हॉलिवूड रिमेकही आहे, पण मूळच बघा, सबटायटलचा कंटाळा करू नका.

सुरुवात शेवटच्यापासून केलीत तरी चालेल, तो दीड तासाच्या आत संपतो.