जुना सर्व्हर काढला आणि फोल्डर यायचे थांबले

प्रश्न : आमच्या कंपनीत मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या २००३ आवृत्तीवरून २०१० वर जायचं काम चालू आहे. नाशिक आणि पुणे इथे एकेक जुना सर्व्हर होता, दोन्हींचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुप (एक्स्चेंजमधले सर्व्हरांचे गट) वेगळे. नाशिकचा सर्व्हर रिकामा करून रीतसर अनइन्स्टॉल केला. तेव्हापासून पुण्याचे पब्लिक फोल्डर (सगळ्यांनी मिळून वापरायचे) नव्या सर्व्हरवर येत नाहीत. लोकांची मेल मात्र नीट जाते-येते. लॉगमध्ये १०२० क्रमांकाची नोंद दिसते : ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती नोंदवहीतला, युजर सापडला नाही. फायरवॉल तीनदा तपासली. आता काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द 'तेव्हापासून'. फायरवॉलचा नाद सोडा. पब्लिक फोल्डरमधले बदल सर्व्हर एकमेकांना मेलनेच कळवतात. लोकांची मेल पोचते, म्हणजे रस्ता मोकळा आहे. अडतंय ते नव्या सर्व्हरच्या दारात.

सर्व्हर अनइन्स्टॉल केला तरी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्याच्या ग्रुपखालचा 'सर्व्हर्स' हा कंटेनर, म्हणजे नोंदी ठेवायचा खोका, तसाच राहतो. फोल्डरची मेल आत घेताना २०१० चा स्टोअर ड्रायव्हर (आलेली मेल साठ्यात टाकणारा भाग) अशा कंटेनरमध्ये सिस्टिम अटेंडंट या एक्स्चेंजच्या अंतर्गत सेवेची नोंद शोधतो. नाशिकच्या कंटेनरमध्ये आता काहीच नाही. शोध तिथेच फसतो आणि पुण्याहून आलेली मेल नाकारली जाते. म्हणजे दोष नाशिकच्या रिकाम्या खोक्यात आणि भोगतोय पुण्याचा सर्व्हर! पहिल्यांदा हे माझ्यासमोर आलं तेव्हा मीही दोन रात्री सर्व्हरांमधली मेल नेणारे कनेक्टरच उलटसुलट करत बसलो होतो, म्हणून तुमची तगमग मला कळते.

आधी डोमेन कंट्रोलरचा (ॲक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरचा) सिस्टिम स्टेट बॅकअप घ्या. एडीएसआय एडिट या ॲक्टिव्ह डिरेक्टरी संपादनाच्या साधनात कॉन्फिगरेशन, सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज, तुमची ऑर्गनायझेशन या वाटेने ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुप्सपर्यंत जा. नाशिकच्या ग्रुपमधला 'सर्व्हर्स' खरोखर रिकामा आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मगच तेवढाच कंटेनर डिलीट करा. ग्रुपला हात लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. लोकांच्या जुन्या एक्स्चेंज पत्त्यांत त्या ग्रुपचं नाव गुंफलेलं असतं, आणि फोल्डर हायरार्कीची, म्हणजे फोल्डरांच्या झाडाची, नोंदही एखाद्या जुन्या ग्रुपमध्येच असू शकते.

हा बदल सगळ्या डोमेन कंट्रोलरवर पोचू द्या, मग नव्या सर्व्हरवर अपडेट-पब्लिकफोल्डरहायरार्की ही कमांड चालवा. आधी फोल्डरांचं झाड येईल, आतला मजकूर मागाहून. मधल्या काळात हुकलेलं नवा सर्व्हर बॅकफिलने (राहिलेलं भरून काढायच्या सोयीने) स्वतःच मागून घेतो, पण त्या मागणीला काही तास, कधी दिवसभरही लागतो. त्या वेळात सर्व्हिसेस रीस्टार्ट करत बसू नका. १०२० ची नोंद पुन्हा आली नाही, म्हणजे दार उघडलं.

पुण्याचा सर्व्हर काढायची घाई नको. फोल्डरांचे आकडे देणारी गेट-पब्लिकफोल्डरस्टॅटिस्टिक्स ही कमांड फक्त नव्या बाजूला चालते, २००३ वर नाही. जुन्या बाजूचे आकडे २००३ च्याच सिस्टिम मॅनेजरमध्ये पाहा आणि मोठ्या फोल्डरांचे ताडून घ्या. ऑफिसात कुणी अजून आउटलुक २००३ वापरत असेल, तर फ्री-बिझी (कोण कधी मोकळं याची माहिती) आणि ऑफलाइन ॲड्रेस बुक या सिस्टिम फोल्डरांच्या प्रतीही नव्यावर असायलाच हव्यात. ते फोल्डर वरवर दिसत नाहीत, म्हणून नेमके तेच मागे राहतात.