विषय सुचला आहे. पण तो कादंबरीचा आहे का?

प्रश्न : माझी आजी लालबागच्या चाळीत गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवत असे. घर आवरताना तिच्या हिशेबाच्या तीन वह्या माझ्या हाती लागल्या. प्रत्येक मेंबराच्या नावापुढे त्याचे गाव (संगमेश्वर, पाटण, आजरा), महिन्याचे खाडे (न जेवल्याचे दिवस) आणि मग नावे (त्याच्याकडून येणे असलेली रक्कम), जमा, बाकी असे रकाने आहेत. १९८२ च्या वहीत मार्चपासून जमेचा रकाना रिकामा आहे. नावेचा मात्र जूनपर्यंत भरत गेलेला दिसतो. या वह्यांवरून गिरणी संपावर कादंबरी लिहावी असे मनाने घेतले आहे. मी बँकेत नोकरी करते आणि चार-पाच ललित लेखांपलीकडे काही लिहिलेले नाही. दोन-तीन वर्षे खर्ची घालावीत इतका हा विषय दमदार आहे की नाही, हे आधी कसे ओळखावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण विषय ‘गिरणी संप’ असा लिहिला आहे. माझ्या मते तो आपला विषय नाही, आणि पहिली परीक्षा इथेच घ्यावी लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यावर कथा, कविता, नाटके आणि कामगारांच्या आठवणींची संकलने होऊन गेली आहेत. ‘गिरणी संपावर कादंबरी’ एवढेच सांगितले तर ऐकणारा मान डोलावतो, पण पुढे काय झाले असे विचारत नाही. याउलट ‘जमेचा रकाना मार्चपासून रिकामा आणि नावेचा जूनपर्यंत चालू’ हे आपले वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवले आणि विचार करीत बसलो.

जानेवारीत संपापूर्वी भरलेल्या दिवसांचा पगार हाती आल्यावर फेब्रुवारीची जमा झाली असावी. म्हणजे मार्चपासूनचा रिकामा रकाना समजण्यासारखा आहे. पण पुढचे चार महिने आजी ताटे वाढत राहिली, ती कशाच्या बळावर? तांदूळ वाण्याकडून उधारीवर येत असेल, तर आणखी एक वही होती, वाण्याकडची, आणि तिच्यात आजी स्वतः ‘नावे’ होती. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, त्यांना बँकेचे कर्ज मिळावे, या हेतूने प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. आजी अशा एखाद्या कर्जाची हप्तेदार होती, की तिने गळ्यातले गहाण ठेवले? आपण बँकेत आहात, तेव्हा हप्ता थकल्यावर माणसाचा आवाज कसा बदलतो हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. आणि जूनमध्ये वही का थांबली? मेंबर पेरणी-लावणीसाठी गावी गेले, वाण्याने हात आखडता घेतला, की आजीनेच एका रात्री कोणाला तरी ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले? सांगितले असेल, तर पहिल्यांदा कोणाला?

हे सगळे प्रश्न मला दहा मिनिटांत पडले, त्यात माझे कौशल्य नाही. चांगल्या विषयाची खूण अशी की त्याला हात लावला की तो उत्तरे देण्याऐवजी प्रश्न उभे करतो, आणि ते प्रश्न माणसांनी काय केले याबद्दलचे असतात, काळ कसा होता याबद्दलचे नसतात. मात्र मला प्रश्न पडणे पुरेसे नाही. ते आपल्याला रात्री जागवतात का, हे पाहावे लागेल.

त्यासाठी एकच काम सुचवतो. आराखडा करू नका, पात्रांच्या याद्या करू नका, आणि आजीच्या लग्नापासून तर मुळीच सुरुवात करू नका. जूनमधली ती रात्र थेट लिहा. मेंबर ओळीने बसले आहेत, पातेल्यात भात किती उरला आहे हे फक्त वाढणारीला दिसते आहे, आणि एका माणसाला ती काहीतरी सांगणार आहे. तीन पाने, अधिक नाही. त्यात संपाचा इतिहास, पुढाऱ्यांची नावे किंवा ‘त्या काळी’ हे शब्द येऊ देऊ नका. कादंबरीतला सर्वांत अवघड प्रसंग अगोदर लिहून पाहावा असे मी म्हणतो, कारण सोपी पाने कोणत्याही विषयाची लिहून होतात. मी स्वतः एकदा एका निवृत्त पोस्टमनवर लिहायला बसलो होतो. सायकल, खाकी पिशवी, मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या, अशी सव्वाशे पाने सुखाने झाली, आणि मग लक्षात आले की माझ्या पोस्टमनला काहीच नको आहे. ज्याला काही नको त्याच्या वाटेत आडवे तरी काय येणार? ती पाने अजून कपाटात आहेत.

तीन पाने झाली की आठ-दहा दिवस त्यांच्याकडे पाहू नका आणि मग मोठ्याने वाचा. त्यात केवळ आजीबद्दलचा जिव्हाळा आणि कौतुक उतरले असेल, तर आपल्याजवळ दीड-दोन हजार शब्दांचा उत्तम ललित लेख आहे. तो दिवाळी अंकाला पाठवावा. त्यात कमीपणा काही नाही, उलट तीन वर्षे वाचली. पण आजीने ज्याला नाही म्हटले तो माणूस उठून जिना उतरून कुठे गेला, हे आपल्याला लिहावेसे वाटू लागले, तर तो विषय कादंबरीचा आहे.

आणखी एक कसोटी आहे आणि ती अधिक कडू आहे. वहीतल्या गावांपैकी एखाद्या गावी जाऊन जुन्या मेंबराचा शोध घ्यावा. तो कदाचित सांगेल की आजी खाड्याच्या हिशेबात कडक होती, एका दिवसाचा खाडा धरायलाही तयार नसे, किंवा सुपारी फोडावी तसे तोडून बोलत असे. हे ऐकून लिहिण्याची इच्छा वाढली तर पुढे जावे. ‘हे घरच्यांना काय वाटेल’ हा विचार लेखणी अडवत असेल, तर विषय तूर्त बाजूला ठेवावा; तो पिकलेला नाही.

मित्रमंडळींना कल्पना सांगून मत घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो फारसा पटत नाही, कारण लोक आपल्या आजीला दाद देतात आणि ती आपल्या विषयाला मिळाली असा आपला समज होतो. विचारायचेच असेल तर मत विचारू नका. रिकाम्या रकान्याची गोष्ट दोन वाक्यांत सांगा आणि समोरचा काय विचारतो ते ऐका. त्याने ‘मग?’ म्हटले तर ठीक. त्याने स्वतःच्या आजीची गोष्ट सुरू केली तर चहा मागवावा.

प्रश्न : विषय असा चार जणांना सांगितला तर कोणी तो उचलणार नाही का?
— त्याच वाचक, पत्राच्या तळटीपेत

उत्तर : ‘संपावर कादंबरी’ हा विषय कोणीही उचलू शकतो, आणि अनेकांनी उचललाही आहे. वह्या मात्र आपल्या कपाटात आहेत. त्यांचा कागद आता ठिसूळ झाला असेल, तेव्हा लिहायला बसण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.