वाचकांचे प्रश्न: मुलांना घेऊन फॉलचे डोनट

ऑक्टोबर लागला की अमेरिका-कॅनडातल्या वाचकांची पत्रं वाढतात, आणि यंदा बऱ्याच जणांचा विषय एकच, मुलांना घेऊन घरी डोनट करायचेत, फॉलचे (फॉल म्हणजे तिकडचा पानगळीचा ऋतू), म्हणजे सफरचंदाचे नाहीतर भोपळ्याचे, वर रंगीत पानं-बिनं काढलेले. फार छान विषय आहे हा. उत्तरांआधी माझं एक ठाम मत सांगून टाकते, डोनट भाजणं आणि डोनट सजवणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिल्यात मोठ्यांचा हात लागतोच, दुसरं मात्र पूर्णपणे मुलांचं, त्यात आपण ब्रश हातात घ्यायचा नाही.

ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा. परवा सफरचंद तोडायला गेलो होतो तिथे गरमागरम सायडर डोनट (सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला रस) खाल्ले आणि आता दोघांचा हट्ट की घरी करूया. मुलं आजूबाजूला असताना तेलाची कढई नको वाटते. बेक केले तर तसेच लागतील का?

अगदी तसेच नाही लागणार, आणि हे मुलांना आधीच सांगा म्हणजे हिरमोड होत नाही. बागेतले ते डोनट तळलेले असतात, छोटं मशीन असतं, वरून पीठ गोल पडतं, तेलात पुढे सरकत सरकत एका जागी आपोआप उलटतं. असं आपोआप डोनट करणारं मशीन न्यू यॉर्कच्या अॅडॉल्फ लेविट यांनी १९२० च्या सुमारास आणलं आणि त्यांच्याच कंपनीने पुढे १९५१ साली 'स्वीट सायडर डोनट' बाजारात आणला. तळल्यामुळे बाहेरून जो कुरकुरीत पापुद्रा येतो तो ओव्हनमध्ये येत नाही, बेक केलेला डोनट म्हणजे खरंतर गोल भोकाचा मऊ केक. पण सफरचंदाची चव मात्र घरी जास्त चांगली आणता येते, कारण सायडर किती आटवायचं ते आपल्या हातात असतं.

सगळी गंमत त्या आटवण्यात आहे बघा. दीड कप सायडर (तिथलं गढूळ तपकिरी, बिनदारूचं, फ्रीजमध्ये मिळतं ते) छोट्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा आणि अर्धा कप उरेपर्यंत उकळू द्या, पंधरा-वीस मिनिटं जातात, शेवटी शेवटी बुडबुडे मोठे आणि चिकट दिसायला लागतात आणि घरभर वास सुटतो. नुसतं सायडर ओतलं तर पीठ पातळ होतं आणि चव कुठे जाते कळत नाही. हे आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं.

मग २ कप मैदा, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा, १ टीस्पून दालचिनी, पाव टीस्पून जायफळ, चिमूट मीठ हे एका भांड्यात. दुसऱ्यात ते आटवलेलं गार सायडर, अर्धा कप बटरमिल्क, १ अंडं, पाऊण कप ब्राऊन शुगर, ४ टेबलस्पून वितळवलेलं बटर. दोन्ही एकत्र करून हलकंच ढवळायचं, गुठळ्या थोड्या राहिल्या तरी राहू देत, फार घोटलं की डोनट चिवट होतात. मुलगा नऊचा आहे ना, त्याला कृती वाचायला आणि मापं घ्यायला बसवा, मुलगी अंडं फोडेल आणि कोरडं मिसळेल. साच्यात पीठ चमच्याने घालायच्या भानगडीत पडू नका, झिपलॉकची पिशवी उंच ग्लासात उभी करा, तोंड ग्लासाच्या काठावरून दुमडा, त्यात पीठ भरा, कोपरा कापा आणि पिळा, सहा वर्षांच्या मुलीला सुद्धा जमतं. साचा दोन-तृतीयांशच भरायचा, जास्त झालं तर मधलं भोक बुजतं. ३५० फॅरनहाइटला १० ते १२ मिनिटं. साधारण डझनभर होतात.

बाहेर काढून पाच मिनिटांनी, अजून कोमट असतानाच, वितळवलेलं बटर लावायचं आणि कागदी पिशवीत अर्धा कप साखर आणि दीड टीस्पून दालचिनी घालून एकेक डोनट आत टाकून पिशवी हलवायची. हा भाग मुलं कोणाला देत नाहीत. आणि एक, कच्चं पीठ चाटू देऊ नका. अंड्याचं सगळ्यांना माहीत असतं पण कच्च्या मैद्यातसुद्धा ई. कोलायसारखे जंतू असू शकतात, म्हणून बिनअंड्याचं पीठ असलं तरी नाहीच. सायडर सुद्धा मुलांना प्यायला देणार असाल तर पाश्चराइज केलेलं घ्या, बागेत कधीकधी कच्चं मिळतं आणि बाटलीवर तशी सूचना लिहिलेली असते.

आमच्याकडे सासूबाई आल्यात, त्या अंडं खात नाहीत. नातवंडांसोबत त्यांनाही करायचंय आणि खायचंय. भोपळ्याचे डोनट अंड्याशिवाय होतील का? आणि सजवायचं बाजारचं सामान त्यांना चालेल का? (टेक्ससहून)

होतील, आणि भोपळ्याचे तर फारच सुरेख होतात कारण भोपळ्याचा गर स्वतःच पीठ धरून ठेवतो. वरच्याच कृतीत सायडरच्या जागी पाऊण कप गर घ्या, अंडं काढून पाव कप घट्ट दही घाला, बटरमिल्क पीठ बघून थोडं कमी-जास्त, आणि दालचिनीसोबत सुंठ आणि दोन लवंगांची पूड. तिकडे पम्पकिन स्पाइस म्हणून जी डबी मिळते तिच्यात दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस (मिरीसारखा दिसणारा एक मसाला) एवढंच असतं, ऑलस्पाइस सोडला तर सगळं सासूबाईंच्या डब्यात आहे. डब्यातला गर घेणार असाल तर 'पम्पकिन पाय मिक्स' नको, त्यात आधीच साखर-मसाला असतो, नुसता 'पम्पकिन' लिहिलेला घ्या. ताजा लाल भोपळा वाफवून घेतला तर तो फडक्यात बांधून तासभर टांगा, पाणी बरंच निघतं. आणि सासूबाईंना म्हणावं भोपळ्याचे घारगे त्याच दुपारी करा, तोच गर, गूळ आणि कणीक, नातवंडांनी एकाच भोपळ्याचे दोन देशांचे पदार्थ एका ताटात बघावेत यासारखं दुसरं काही नाही.

सामानाबद्दल मात्र जपून, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं, फॉलमध्ये सगळीकडे दिसणाऱ्या त्या पांढऱ्या-केशरी-पिवळ्या कँडी कॉर्नमध्येही बहुतेक वेळा असतं. चकचकीत स्प्रिंकल्सवर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं असेल तर ती लाखेची चकाकी, म्हणजे लाखेच्या किड्यापासूनची, आणि लाल-गुलाबी रंगात 'कारमाइन' असेल तर तोही किड्यापासूनचाच. कडक पाळणाऱ्यांना हे चालत नाही, तेव्हा पाकीट उलटं करून वाचा. त्यापेक्षा इंडियन स्टोअरमधली रंगीत बडीशेप, टूटीफ्रूटी, भाजलेलं खोबरं, पिस्त्याचे काप आणा. बडीशेप तर डोनटवर इतकी गोड दिसते.

माझी मुलं चार आणि सात वर्षांची. मागच्या वेळी ग्लेझ सगळं ओघळून ताटात गेलं आणि स्प्रिंकल्स फरशीवर. नीट, घरगुती रंगात, पानं वगैरे काढता येतील असं काहीतरी सांगा ना. (ओंटारिओ)

ओघळण्याची कारणं दोनच, एकतर डोनट गरम होते नाहीतर ग्लेझ पातळ. दालचिनी-साखर कोमट डोनटला लागते, ग्लेझ मात्र पूर्ण गार डोनटलाच. चार वर्षांच्या मुलाला तासभर थांबवणं अवघड आहे म्हणून मी म्हणते की सकाळी किंवा आदल्या दिवशीच भाजून ठेवा, सजवायला दुपारी बसा. ग्लेझसाठी १ कप पिठीसाखर आणि १ टेबलस्पून दूध, मग पुढे अर्धा-अर्धा चमचाच दूध घालत जायचं. चमचा उचलून धार सोडली की ती रेघ वर आठ-दहा सेकंद दिसली पाहिजे आणि मग हळूच मिटली पाहिजे. लगेच मिटली तर साखर घाला. ब्रशने लावू नका, वाटीत डोनट पालथा घालून थोडं फिरवून उचलायचा, जादाचं गळू द्यायचं आणि सुलटा जाळीवर, खाली जुना बेकिंग पेपर.

रंगांसाठी बाटल्या आणायची गरज नाही. ग्लेझ चार वाट्यांत वाटा. एकीत कोमट दुधात कालवलेली चिमूटभर हळद, लख्ख पिवळा येतो. दुसरीत बीट किसून पिळलेला रस थेंब थेंब, गुलाबी ते लाल. तिसरीत दोन्ही थोडं थोडं म्हणजे केशरी. चौथीत कोको, तपकिरी. बीट घालताना लिंबाचे दोन थेंब टाकले की रंग टिकतो. हळद मात्र पिठात घालू नका, सोड्याशी गाठ पडली की ती लालसर-तपकिरी होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ना तेच हे. सात वर्षांच्या मुलाला एका बशीत हळदीच्या पाण्यावर चिमूट सोडा टाकून दाखवा, डोळे मोठे करून बघत राहील.

आणि रंग देताना पानांबद्दल जरूर बोला. मेपलची पानं पिवळी-केशरी होतात तेव्हा तो रंग बाहेरून येत नाही, पानात तो उन्हाळाभर असतोच, हिरव्या क्लोरोफिलखाली झाकलेला, दिवस लहान झाले की झाड क्लोरोफिल करणं थांबवतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल मात्र बराचसा त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेतून. मग मुलं स्वतःच म्हणतात आधी पिवळं लावूया मग त्यावर लाल ठिपके, आणि तसंच करू द्या.

पान काढायचं तर बेकिंग पेपरवर लहान पान गिरवा, आतला भाग कापून टाका, ग्लेझ पूर्ण वाळल्यावर तो कागद वर धरून गाळणीतून कोको भुरभुरा, कागद सरळ वर उचला. हे सातवाल्याचं काम. चारवाल्यासाठी भोपळा, केशरी ग्लेझ, भोकात प्रेट्झेलच्या काडीचा तुकडा देठ म्हणून, बाजूला पुदिन्याचं पान, झाला भोपळा. घुबडही सोपं आहे, क्रीमचं बिस्किट उघडून दोन चकत्या डोळ्यांच्या जागी, बाकी ज्याचं त्याने ठरवावं. बाहेर जाऊन आणलेली खरी पानं ताटाभोवती ठेवा पण खाण्यावर नको. अख्खा सुकामेवा आणि कडक गोळ्या चारच्या आतल्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात.

स्प्रिंकल्स फरशीवर जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला काठ असलेला बेकिंग ट्रे द्या, सगळी सजावट त्या ट्रेच्या आतच, आणि बडीशेप मोठ्या डब्यातून नाही तर छोट्या वाटीत दोन चमचेच. तरी थोडी सांडणारच, सांडू दे. आणि मुलाने एकाच डोनटवर सगळ्या वाट्या रिकाम्या केल्या, चिखलासारखा रंग झाला, तरी त्याला 'असं नको तसं कर' म्हणू नका, फोटोतल्यासारखा डोनट हवा असेल तर आपला वेगळा करावा. मुलाला त्याच्या ढिगाऱ्याची फार किंमत असते हो.

माझी भाची ओहायोत असते, सात वर्षांची. तिला व्हिडिओ कॉलवर माझ्यासोबत डोनट करायचेत. मी पुण्यात, माझ्याकडे डोनटचा साचा नाही आणि ते सायडरही नाही. काय करू?

आप्पेपात्र आहे ना? झालं काम. वरचंच पीठ थोडं घट्ट ठेवा, आप्पेपात्राला बटर लावा, मंद आचेवर झाकण ठेवून भाजा, उलटा, मधोमध खुपसलेल्या सुरीला काही चिकटलं नाही की झाले. तिकडे याला डोनट होल म्हणतात, दालचिनी-साखरेत घोळवले की भाचीच्या डोनटची धाकटी भावंडं. सायडरऐवजी घरी मिक्सरमधून काढलेला सफरचंदाचा रस फार न गाळता तसाच आटवा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिमला-काश्मीरची ताजी सफरचंदं येतातच, थोडी आंबट बघून घ्या. बटरमिल्क म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे, अर्धा कप दुधात दीड टीस्पून लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा. घरी दळलेल्या पिठीसाखरेत एक चमचा कॉर्नफ्लोअर मिसळा, विकतच्यात ते असतं म्हणून तिचं ग्लेझ पटकन धरतं आणि तुमचं नाही. वेळ मात्र तिच्या सकाळी साडेआठ-नऊची ठरवा म्हणजे तुमची संध्याकाळ होते, आणि सायडर तिच्या आईला आदल्या रात्रीच आटवून ठेवायला सांगा.

मुलीच्या वर्गात थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला नोव्हेंबरमधला सण) आधी डोनट न्यायचेत, किती दिवस आधी करता येतील?

आधी टीचरला विचारा. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत घरी केलेलं चालत नाही, अॅलर्जीमुळे घटकांची यादी छापलेलं विकतचंच लागतं, आणि ते बरोबरच आहे, एखाद्या मुलाला शेंगदाण्याचा कण पुरतो. चालत असेल तर न सजवलेले डोनट गार करून हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर छान राहतात. आदल्या रात्री बाहेर काढा, पिशवीतच सुटू द्या, ग्लेझ सकाळी. साखरेत घोळवलेले मात्र आधी करून डब्यात बंद करू नका, साखर पाझरते आणि ओली होते. ते त्याच दिवशी, आणि डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवून.